नोंद एका पक्षात, मत दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत: न्यू जर्सीतला जानेवारी ते जुलै

जून 2021 मध्ये न्यू जर्सीत गव्हर्नरपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्रायमरी होती. डेमोक्रॅटिक बाजूला फिल मर्फी एकटेच होते. मतपत्रिकेवर त्यांच्यासमोर दुसरं नावच नव्हतं. रिपब्लिकन बाजूला चार उमेदवार होते. माझी नोंद तेव्हा कुठल्याच पक्षात नव्हती. निवड करायला जिथे जागा होती तिथे मत द्यावं, म्हणून केंद्रावर रिपब्लिकन मतपत्रिका मागितली, सही केली, मत दिलं. त्या सहीने माझी नोंद रिपब्लिकन पक्षात झाली. ही नोंद आपोआप उतरत नाही. तुम्ही स्वतः बदलेपर्यंत ती तशीच राहते, हे मला चार वर्षांनी कळलं.

2025 मध्ये चित्र उलटं झालं. मर्फी यांच्या दोन मुदती संपत होत्या आणि डेमोक्रॅटिक बाजूला सहा जण उतरले: काँग्रेस सदस्य मिकी शेरिल आणि जॉश गॉटहाइमर, नेवार्कचे महापौर रास बराका, जर्सी सिटीचे महापौर स्टीव्ह फुलप, शिक्षक संघटनेचे अध्यक्ष शॉन स्पिलर आणि राज्य सिनेटचे माजी अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी. मला या सहांतून निवडायचं होतं. माझी नोंद मात्र दुसऱ्या दारातली. एका दारातून दुसऱ्या दारात कसं जायचं, कुठे अडलं, किती वेळ गेला आणि वाट पाहताना लोक पक्षाची रेघ ओलांडून मत का देतात याबद्दल काय उमगलं, ते क्रमाने लिहितो आहे.

आधी नवीन लोकांसाठी एक खुलासा. आपल्याकडे तिकीट कोणाला हे पक्षश्रेष्ठी ठरवतात आणि एबी फॉर्म शेवटच्या दिवशीसुद्धा फिरतो. इथे तिकीट मतदार देतात. जूनमधली प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्याची निवडणूक आणि नोव्हेंबरमधली ती खरी लढत. आणि इथली पक्षनोंद म्हणजे आपल्याकडचं पक्षांतर नव्हे. वर्गणी नाही, पावती नाही, निष्ठेची शपथ नाही. जूनमध्ये तुमच्या हातात कोणती मतपत्रिका पडणार, एवढंच त्या नोंदीने ठरतं. नोव्हेंबरमध्ये कोणीही कोणालाही मत देऊ शकतो.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं आहे: हे सगळं फक्त अमेरिकी नागरिकांसाठी आहे. ग्रीन कार्ड असलेल्यांनी वाहन परवान्याच्या कार्यालयात मतदार नोंदणीच्या प्रश्नावर चुकूनही 'हो' म्हणू नये. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात आणि कधीकधी इथे राहण्याच्या हक्कातही त्यातून मोठी अडचण येते.

जानेवारीच्या शेवटी राज्याच्या मतदार संकेतस्थळावर खातं उघडून माझी नोंद पाहिली. पक्षाच्या रकान्यात रिपब्लिकन. बायकोची नोंद 'अनअफिलिएटेड', म्हणजे कुठल्याच पक्षात नाही. नियम असा, की नोंद कुठल्याच पक्षात नसेल तर प्रायमरीच्या दिवशी केंद्रावरच पक्ष सांगून मत देता येतं. नोंद एका पक्षात असेल आणि दुसऱ्याच्या प्रायमरीत मत द्यायचं असेल, तर प्रायमरीच्या 55 दिवस आधी अर्ज पोचायला हवा. 2025 ची प्रायमरी एरवी 3 जूनला आली असती. ज्यू धर्मीयांचा शावुओत सण त्या दिवसांत येत असल्याने ती 10 जूनला ठेवली गेली. 10 जूनपासून 55 दिवस मागे गेलं की 16 एप्रिल येतो. नवीन मतदार नोंदणीची मुदत वेगळी, 21 दिवस आधीची, म्हणजे 20 मे. या दोन तारखांची गल्लत फार होते. मेच्या मध्यावर 'अजून चार दिवस आहेत' असं म्हणणाऱ्यांची पक्ष बदलण्याची वेळ महिनाभरापूर्वीच गेलेली असते.

अर्ज एका पानाचा आहे: नाव, पत्ता, जन्मतारीख, कोणत्या पक्षात नोंद हवी त्याची खूण, सही, तारीख. फी नाही. यादीत दोन मोठ्या पक्षांखेरीज ग्रीन, लिबर्टेरियन अशी नावंही दिसतात, पण प्रायमरी फक्त डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन पक्षांची होते. ग्रीन पक्षात नोंद असलेल्यालाही जूनमध्ये मत द्यायचं तर आधी नोंद बदलावी लागते. कोणत्याच पक्षात राहायचं नसेल तर त्याच अर्जावर तशी खूण करायची. सही मतदार नोंदणीच्या वेळी केली होती तशीच करा. पुढे केंद्रावर सही ताडून पाहतात, आणि वर्षांनुवर्षांत सही बदललेली असण्याची शक्यता आपल्या लोकांत, विशेषतः देवनागरी सही सोडून दिलेल्यांत, बरीच असते.

3 मार्चला अर्ज 73 सेंटचं तिकीट लावून पोस्टात टाकला. तीन आठवडे गेले. 25 मार्चला संकेतस्थळावर रकाना जसाच्या तसा. फोन केला तेव्हा कळलं की मी पाकीट चुकीच्या कार्यालयाला पाठवलं होतं. ही चूक सहज होण्यासारखी आहे. काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, निवडणुकीची कामं एकापेक्षा जास्त कार्यालयांत वाटलेली असतात. काउंटी क्लार्ककडे मतपत्रिका छापणं आणि टपाली मतदान. मतदार नोंदणी आणि पक्षनोंद मात्र 'कमिशनर ऑफ रजिस्ट्रेशन'कडे, आणि हे पद काही काउंटींत निवडणूक अधीक्षकांकडे असतं तर काही काउंटींत निवडणूक मंडळाकडे. माझं पाकीट पहिल्या कार्यालयात पडून होतं. ते पुढे पाठवू म्हणाले, पण तारीख सांगता येईना.

16 एप्रिल तीन आठवड्यांवर होता. तो दिवस हुकला तर जूनमध्ये हवी ती मतपत्रिका मिळणार नाही आणि त्यावर दादही मागता येणार नाही, ही धास्ती खरी होती. म्हणून दुसरा अर्ज भरला आणि 2 एप्रिलला स्वतः जाऊन आमच्या गावाच्या म्युनिसिपल क्लार्ककडे दिला. कायद्याने हा अर्ज गावाच्या क्लार्ककडे किंवा काउंटीच्या कमिशनर ऑफ रजिस्ट्रेशनकडे, दोन्हीकडे देता येतो. जाताना अर्जाची एक झेरॉक्स घेऊन गेलो आणि तिच्यावर 'मिळाला' असा तारखेचा शिक्का मारून घेतला. सगळं वीस मिनिटांत झालं. पोस्टावर विसंबू नका, क्लार्कच्या खिडकीवर जा आणि शिक्क्याची प्रत घरी ठेवा, एवढं तरी या लेखातून घेऊन जा. 11 एप्रिलला संकेतस्थळावर रकाना बदलला. मुदतीला पाच दिवस बाकी होते.

मधल्या दिवसांत ओळखीच्या लोकांशी बोलताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा यायचा: हे योग्य आहे का? म्हणजे, ज्यांचा आपण नाही त्यांचा उमेदवार आपण का ठरवायचा?

याचं उत्तर शोधायचं तर लोक रेघ का ओलांडतात ते पाहावं लागतं. लोकांच्या डोक्यात पहिलं कारण येतं ते घातपाताचं: समोरच्या पक्षाचा कच्चा उमेदवार निवडून द्यायचा, म्हणजे नोव्हेंबरमध्ये आपल्याला सोपं. याची उदाहरणं आहेत. 2008 मध्ये रेडिओवरचे रश लिम्बॉ यांनी रिपब्लिकन श्रोत्यांना डेमोक्रॅटिक प्रायमरीत जाऊन हिलरी क्लिंटन यांना मत द्यायला सांगितलं, जेणेकरून ओबामा आणि क्लिंटन यांची लढत लांबेल. त्या मोहिमेला त्यांनी 'ऑपरेशन केऑस' असं नाव दिलं होतं. पण माझ्या मते अशी मतं थोडीच असतात, आणि कारण सरळ आहे. दुसऱ्या पक्षाची मतपत्रिका घेतली की आपल्या पक्षाची हातातून जाते. गव्हर्नरच नाही, विधानसभा, काउंटी, गावचा महापौर, सगळ्या जागांसाठीची जाते. शेजाऱ्याचं नुकसान करायला स्वतःच्या घरातलं मत कोण घालवेल? शिवाय तो कच्चा उमेदवार नोव्हेंबरमध्ये जिंकला तर पुढची चार वर्षं त्याच्याच हाताखाली काढायची.

खरं मोठं कारण कंटाळवाणं पण मजबूत आहे: चुरस तिकडे असते. न्यू जर्सीतल्या कित्येक काउंटींत एकाच पक्षाचं इतकं वर्चस्व आहे की गावचा महापौर आणि काउंटीचा कारभार पाहणारे निर्वाचित कमिशनर जूनमध्येच ठरतात. नोव्हेंबरची निवडणूक म्हणजे शिक्का. तिथे दुसऱ्या पक्षाला मानणारा माणूस प्रबळ पक्षाच्या प्रायमरीत गेला, तर तो घरफोडी करत नाही. जिथे निर्णय होतो त्या खोलीत तो जाऊन बसतो. 2021 मध्ये मी रिपब्लिकन मतपत्रिका घेतली ती याच कारणाने, आणि 2025 मध्ये डेमोक्रॅटिक घेतली तीही.

दुसरं कारण भीतीचं म्हणता येईल, पण त्यात जबाबदारीही आहे. आपल्या पक्षात लढत नाही किंवा निकाल ठरलेला आहे, आणि समोरच्या पक्षातला एक उमेदवार आपल्याला अजिबात नको आहे. मग निदान दुसरा तरी यावा. जॉर्जियात 24 मे 2022 ला असंच झालं. राज्याच्या निवडणुकांचं काम पाहणारे रिपब्लिकन अधिकारी ब्रॅड राफेन्सपर्गर यांनी 2020 च्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल फिरवायला नकार दिला होता आणि त्यांच्याविरुद्ध ट्रम्प यांच्या पाठिंब्याचा उमेदवार होता. तिथे पक्षनोंदच नाही, कोणतीही मतपत्रिका मागता येते. एरवी डेमोक्रॅटिक मतपत्रिका घेणाऱ्या हजारो मतदारांनी त्या दिवशी रिपब्लिकन घेतली. राफेन्सपर्गर 52 टक्क्यांवर पहिल्याच फेरीत सुटले. 2014 मध्ये मिसिसिपीत रिपब्लिकन सिनेटर थॅड कॉक्रन प्रायमरीच्या पहिल्या फेरीत मागे पडले होते. 24 जूनच्या फेरमतदानात, म्हणजे कोणालाच निम्म्याहून जास्त मतं न मिळाल्याने झालेल्या दुसऱ्या फेरीत, त्यांनी उघडपणे कृष्णवर्णीय डेमोक्रॅटिक मतदारांकडे मतं मागितली आणि थोडक्यात जिंकले. तिथला नियम असा होता, की 3 जूनला डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत दिलेल्याला रिपब्लिकन फेरमतदानात येता येत नव्हतं. म्हणजे पहिल्या फेरीला घरी बसलेल्यांनाच हे दार उघडं होतं.

आणि तिसरं, सगळ्यांत साधं: माणूस आवडतो. पक्ष नाही, तो उमेदवार. 2000 मध्ये मिशिगनची अध्यक्षपदाची रिपब्लिकन प्रायमरी जॉन मॅकेन यांनी जिंकली ती अपक्ष आणि डेमोक्रॅटिक मतदारांच्या बळावर. पक्षाच्या स्वतःच्या मतदारांत जॉर्ज बुश पुढे होते.

पक्षांना हे आवडत नाही, आणि त्यांची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. उमेदवार आमचा, तो बाहेरच्यांनी का ठरवावा? 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाची सगळ्यांना सगळीकडे मत देऊ देणारी प्रायमरी याच मुद्द्यावर 7 विरुद्ध 2 मतांनी रद्द केली. त्याआधी 1973 मध्ये न्यूयॉर्कची कित्येक महिने आधी पक्षनोंद मागणारी अट त्याच न्यायालयाने टिकवली होती. वायोमिंगमध्ये 2022 ला ट्रम्प यांच्या विरोधात गेलेल्या रिपब्लिकन काँग्रेस सदस्य लिझ चेनी यांच्यासाठी डेमोक्रॅटिक मतदारांनी केंद्रावरच पक्ष बदलला. चेनी हरल्या, तरी पुढच्याच वर्षी तिथे ही सोय कायद्याने बंद झाली. मला या अटींत एकच गोष्ट खटकते. मुदत संपते तेव्हा लढत नीट दिसतही नसते. न्यू जर्सीत ट्रम्प यांनी गव्हर्नरपदाचे रिपब्लिकन इच्छुक जॅक चिटारेली यांना पाठिंबा दिला तो मे 2025 मध्ये. त्यानंतर रिपब्लिकन बाजूची चुरस ओसरली. पण ते पाहून दुसरीकडे जावं असं ज्यांना वाटलं, त्यांची तारीख 16 एप्रिललाच गेली होती.

दुसऱ्या राज्यांत राहणाऱ्या मराठी लोकांसाठी एवढं: माझ्या तारखा तुम्हाला लागू नाहीत. न्यूयॉर्कमध्ये कुठल्याच पक्षात नोंद नसेल तर प्रायमरीत मतच नाही, आणि जूनच्या प्रायमरीसाठी पक्ष बदलण्याचा अर्ज 14 फेब्रुवारीपर्यंत पोचावा लागतो. टेक्सासमध्ये पक्षनोंद नाही, पण मार्चमध्ये एका पक्षात मत दिलं की फेरमतदानात दुसऱ्याकडे जाता येत नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये अपक्ष मतदार केंद्रावर मतपत्रिका मागतो आणि मत देऊन निघताना एक कार्ड भरून पुन्हा अपक्ष होतो. 23 जानेवारी 2024 ला अध्यक्षपदाच्या रिपब्लिकन प्रायमरीत ट्रम्प यांच्याविरुद्ध निकी हेली यांना तिथे 43 टक्के मतं पडली त्यात या सोयीचा मोठा हात होता. मात्र पक्षात नोंद असलेल्यांना तिथेही 6 ऑक्टोबर 2023 पर्यंतच बाहेर पडता आलं होतं. कॅलिफोर्नियात 'अमेरिकन इंडिपेंडंट' नावाचा एक खराखुरा पक्ष आहे. स्वतःला अपक्ष समजून त्यावर खूण करू नका.

परत न्यू जर्सीत. घरी टपाली मतपत्रिका मागवत असाल तर दोन ठिकाणी अडतं. नोंद कुठल्याच पक्षात नसेल तर प्रायमरीची टपाली मतपत्रिका येत नाही. आधी पक्ष लिहून द्यावा लागतो. आणि टपाली मतदारांच्या यादीत नाव असताना केंद्रावर गेलात तर यंत्रावर मत देता येत नाही, 'प्रोव्हिजनल' म्हणजे तात्पुरती कागदी मतपत्रिका मिळते. ती मोजली जाते, पण पडताळणीनंतर. आम्ही दोघांनी म्हणून टपालाच्या वाटेला न जाता लवकर मतदानाचे दिवस निवडले. ते 3 ते 8 जून असे होते, आणि त्यात काउंटीतल्या कोणत्याही लवकर मतदान केंद्रावर जाता येतं.

जूनच्या सुरुवातीला नमुना मतपत्रिका टपालाने आली. माझी डेमोक्रॅटिक आली, म्हणजे नोंद पक्की झाल्याचा आणखी एक पुरावा हाती आला. ती नीट वाचा, कारण 2025 मध्ये तिची रचनाच नवी होती. पूर्वी काउंटीचा पक्ष ज्यांना पाठिंबा देई त्या सगळ्यांची नावं एका ओळीत छापली जात; तिला 'काउंटी लाइन' म्हणत. सिनेटच्या उमेदवारीसाठी उतरलेले डेमोक्रॅट अँडी किम यांनी त्याविरुद्ध दावा लावला, मार्च 2024 मध्ये संघराज्य न्यायालयाने ती ओळ अडवली आणि मार्च 2025 मध्ये कायदाच बदलला. आता प्रत्येक पदाचे उमेदवार आपापल्या चौकटीत असतात. 2025 मध्ये चौकटी बऱ्याच होत्या: गव्हर्नर, विधानसभेच्या दोन जागा, काउंटी, गाव, शिवाय पक्षाच्या स्थानिक समितीचे सदस्य. विधानसभेसाठी दोघांना मत द्यायचं असतं, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही.

7 जूनला, शनिवारी सकाळी गेलो. नाव आणि पत्ता विचारला, पडद्यावर सही घेतली, जुन्या सहीशी ताडून पाहिली. ओळखपत्र मागितलं नाही. टपालाने प्रथमच नोंदणी केलेल्या आणि ओळख पडताळलेली नसलेल्यांना ते लागू शकतं, म्हणून जवळ ठेवलेलं बरं. बायकोला विचारलं, कोणत्या पक्षाची? तिने सांगितलं, आणि त्याच क्षणी तिची नोंद त्या पक्षात झाली. हे कर्मचारी आपणहून समजावून सांगतीलच असं नाही. पडद्यावर तुमचा पक्ष चुकीचा दिसला तर वाद न घालता शिक्क्याची प्रत दाखवा आणि तात्पुरती मतपत्रिका मागा. केंद्रात जाऊन बाहेर यायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली.

10 जूनच्या रात्री निकाल आला. डेमोक्रॅटिक बाजूला शेरिल सुमारे 34 टक्क्यांवर जिंकल्या. न्यू जर्सीत फेरमतदान नसतं, ज्याला सर्वाधिक मतं तो उमेदवार. सहा जणांत मतं फुटली की एक तृतीयांशात तिकीट मिळतं. रेघ ओलांडून आलेल्या मताचं वजन अशा वेळी किती असतं, ते या आकड्यावरून कळावं. रिपब्लिकन बाजूला चिटारेली यांना दोन तृतीयांशाहून थोडी जास्तच मतं होती. मी कोणाला मत दिलं ते इथे लिहीत नाही. मत गुप्त असतं.

पक्षनोंद मात्र गुप्त नसते. कोणत्या पक्षात नोंद आहे आणि कोणत्या निवडणुकीत मत दिलं, हे पक्षांना मतदार यादीतून कळतं. उन्हाळाभर मला दोन्ही पक्षांचे संदेश आले: जुन्या नोंदीमुळे एकाचे, नव्यामुळे दुसऱ्याचे. गावात दुकान असणाऱ्या किंवा मंडळाच्या कामासाठी दोन्हीकडच्या नगरसेवकांकडे जाणाऱ्या काही जणांनी याच कारणाने नोंद बदलायचं टाळलं. त्यांची काळजी मला पोकळ वाटत नाही.

जुलैच्या अखेरीस मी तोच अर्ज पुन्हा भरला, या वेळी 'अनअफिलिएटेड' वर खूण करून. पक्षाबाहेर राहिलं की पुढच्या वेळी 55 दिवसांच्या मुदतीची चिंता उरत नाही. केंद्रावर जाऊन ठरवता येतं. घाई नव्हती म्हणून पोस्टाने पाठवला, योग्य कार्यालयाच्या पत्त्यावर. तिकीट 13 जुलैपासून 78 सेंटचं झालं होतं. दोन तिकिटं, दोनचार छापील पानं आणि एका सकाळची अर्धी रजा, एवढाच या सगळ्याचा खर्च. बायकोनेही तोच अर्ज भरला, कारण जूनमधल्या त्या एका उत्तराने तिची नोंदही पक्षात गेली होती.

2026 च्या प्रायमरीची तारीख 2 जून. नोंद एका पक्षात आणि मत दुसरीकडे द्यायचं, तर त्या प्रायमरीसाठी अर्ज गावाच्या क्लार्ककडे पोचण्याची मुदत 8 एप्रिल 2026.